धारणीची पार्वताबाई

अकोला,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

चि. आचल,

आशीर्वाद तर आहेतच, ते काही तू फोन उचलण्यावर अवलंबून नाहीत. तुझी आई बरी आहे. थंडीनं तिचा गुडघा कुरकुर करून राहिला, तोंड मात्र ठणठणीत आहे. परसातल्या वांग्याले यंदा कीड लागली नाही. अंकुरराव बरे असतील. (हे वाक्य लिहायले मले दहा मिनिटं लागली.)

मेसेज तुले पोचत नाही, म्हणून हा कागद. कृषी सहायक म्हणून तीस वर्षं 'सदर प्रकरणी' अन् 'उपरोक्त विषयी' लिहिलं. आज ते नको. घरी बोलतो तसंच लिहितो.

'बांधशेजार' हे ॲप तू बनवलं, भाजी-फुलं पिकवणाऱ्यांनी फोनवर एकमेकांले विचारावं-सांगावं म्हणून. सगळ्यांसाठी उघडायच्या आधी फक्त चाळीस जणांनी वापरून पाहावं, कुठं अडते ते सांगावं, असं तू ठरवलं. आत यायले चाळीस जणांले एकच कोड. हिवरखेडपासून धामणगावपर्यंत घरोघरी जाऊन तो मी वाटला, आणि तू मले राखणदार केलं. "बाबा, कोणाची शंका आली तर सांगा." मले म्हणत होती! लोकांले जांभई येते तशी मले शंका येते, हे तुले माहीत नव्हतं का?

सप्टेंबरच्या शेवटी मोजले तर त्रेपन्न निघाले. तेरा आगंतुक. मी नवी वही घातली. 'जय किसान ७' कोण? फोटोत ट्रॅक्टर. 'फुलराणी' कोण? फोटोत झेंडूचं ताट. माणसाचं तोंड एकाचंही नाही. अन् त्यातले बारा जण सकाळी चहाच्या टायमाले एकदमच येत, सगळ्यांचं वाचत, एक शब्द बोलत नसत आणि एकदमच निघून जात. मी तुझ्या आईले म्हटलं, "ही अडत्याची माणसं. कान देऊन बसवलेली." दसऱ्याच्या तोंडावर कोणाच्या वावरात किती झेंडू हाय हे अडत्याले आधीच कळलं, तर तो भाव पाडणारच. माझं गणित मले एकदम पक्कं वाटलं.

बारा खाती मी एका बैठकीत बंद केली. तू विचारलं, "अन् ते तेरावं? धारणीची पार्वताबाई?" मी म्हटलं, "एकटी बाई दिसते बिचारी, राहू दे." तू हसली होती. "बाबा, जिंदगीत पहिल्यांदा तुमी कोणाले चौकशीशिवाय सोडलं." मी लगेच वांग्याचा विषय काढला. आठवते?

पण कोड फोडला कोणी, हे राहिलंच होतं. त्या आठवड्यात मी अमरावतीच्या फूलबाजारात अंकुररावाले एका अडत्यासंगं चहा पिताना पाहिलं. एवढंच पाहिलं. तोही अर्धा कप. ठिबकच्या नळ्या विकणारा माणूस अडत्यासंगं चहा नाही पिणार तर कोणासंगं पिणार? हे मले आज सुचून राहिलं. त्या दिवशी मी बाजारातल्या बाकड्यावर बसूनच सगळ्यांपुढं लिहिलं: "कोड फोडणारा आमच्याच घरातला आहे. अंकुरराव, जावई म्हणून गय होणार नाही."

अंकुररावांनी आपलं खातं काढून टाकलं. तू फोनवर दोनच शब्द बोलली, "बाबा, पुरावा?" मी म्हटलं, "येईल." मंग तू माझं खातं बंद केलं. दिवाळी गेली. भाऊबीजेले तुझ्या मामाचं पोरगं आलं, दारात तुझी चप्पल शोधून गेलं.

तर पुरावा आला, आचल. गेल्या गुरुवारी.

हिवरखेडले नत्थुजीकडे गेलो होतो. फूलशेतीतला जुना माणूस, आपल्या चाळिसातला पहिला. मले आलेलं पाहून तो आतून बाहेरच आला नाही. त्याच्या बायकोनं, गोदाबाईनं, पाणी आणून ठेवलं अन् उभीच राहिली.

"भाऊ, आवतन देऊन पंगतीतून उठवते का कोनी?"

"कोनाले उठवलं?"

"आमच्या भावकीले. बारा जनाले. तुमीच तं म्हनलं होतं, चूलबंद हाये म्हनून."

मले घटाघटा पाणी प्यावं लागलं. ऑगस्टमध्ये कोडाची चिठ्ठी घेऊन मी तिथं गेलो, तेव्हा लेकीच्या कामाची सुरुवात म्हणून चिठ्ठीले कुंकू लावलं होतं, वर चार अक्षता. चहाच्या तोऱ्यात बोलून गेलो, "नत्थुजी, हे माझ्या लेकीच्या घरचं कार्य समजा. चूलबंद आवतण हाय." आता आपल्याकडे एका माणसाचं आवतण वेगळं अन् चूलबंद वेगळं. चूलबंद म्हटलं की त्या दिवशी घरात चूल पेटत नाही, लेकरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे पंगतीले. नत्थुजीनं इमानानं पाच घरी निरोप अन् कोड फिरवला. भाऊ, पुतणे, सुना. सकाळी सगळे चहाले एका ओट्यावर बसत तेव्हा फोन काढत. अन् बोलत काहून नव्हते? घरचा वडील माणूस बोलून राहिला तर बाकीच्यांनी कशाले तोंड घालावं, म्हणून. मी ज्याले अडत्याचे कान म्हणत होतो, ती त्यांची अदब होती.

कोड मी फोडला. माझ्याच तोंडानं, कुंकू लावून.

बारा झाले. आता तेरावी. गेल्या अर्ध्या तासात दोनदा उठून वांग्यांले पाणी घालून आलो. तिसऱ्यांदा तुझ्या आईनं बादलीच लपवली.

धारणीची पार्वताबाई मी आहे.

ते खातं मी तुझ्याच लोकांवर नजर ठेवायले उघडलं. बाईमाणसासमोर लोक मोकळे बोलतात, असा माझा हिशोब. धारणी यासाठी की तिथं मी नोकरी केली आणि तिथवर जीप पकडून कोणी खात्री करायले जाणार नाही. मले चोर पकडायचा होता. चोर बाजूले राहिला आणि तूच बोलायले लागली. भेंडीवरच्या रोगाबद्दल काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, आणि शेवटी सहज लिहिलं, "जेवली का, बाई?" तू लिहिलं, "मावशी, इथं येऊन मले हे विचारणाऱ्या तुमी पहिल्या."

मंग रोज दुपारी बोलणं सुरू झालं. मी न्हाणीघराजवळ स्टूल टाकून बसायचो. तुझ्या आईले वाटलं, म्हातारपणी यानं कोणी बाई लावून घेतली. तिनं एक दिवस फोन हिसकला, वाचला. मले शिव्या देईल म्हणून मी तयार होतो. ती नुसती चार दिवस माझं ताट वाढून आत निघून जात होती, हे त्यापेक्षा वाईट.

तू पार्वताबाईले जे सांगतलं, ते मले पाठ आहे. दहावीत तू शाळेत पहिली आली तेव्हा गुणपत्रिका खरी आहे का हे विचारायले बाबा शाळेत गेले होते, अन् शिपायानं ते सगळ्या वर्गाले सांगतलं. मले वाटे तुले कळलंच नाही. अंकुररावाची चौकशी मी त्यांच्या गावच्या पिठाच्या गिरणीवर बसून केली, ती त्यांच्या आईनंच दळण घेऊन येता-येता ऐकली. तरी त्या बाईनं तुले कधी बोलून दाखवलं नाही. हे सगळं वाचलं, आणि तरी त्याच महिन्यात मी अंकुररावाले चोर म्हटलं. असा आहे मी. तुले हे आताच सगळं कळलेलं बरं.

वीस ऑक्टोबरले, सगळे दिवे लावून राहिले होते तेव्हा, तू पार्वताबाईले विचारलं, "मावशी, तुमच्या बाबानं कधी म्हटलं का, माझं चुकलं म्हणून?" तिनं अजून उत्तर दिलं नाही. तू दोनदा विचारलं, "मावशी, बऱ्या आहा ना?"

पार्वताबाईच्या बापाचं मले काय ठाऊक. तुझ्या बापाचं ठाऊक आहे. आचल, माझं चुकलं. अंकुररावाशी चुकलं, नत्थुजीशी चुकलं. अन् तुझं ऐकून घ्यायले मले दुसऱ्या बाईचं नाव घ्यावं लागलं, याची मले लाज वाटते. लई लाज वाटते.

माझं खातं बंदच ठेव. पार्वताबाईच्या नावानं सगळ्यांपुढं अंकुररावाची बाजू घेता आली असती, मनात आलंही होतं. नाही घेतली. पाकिटात वेगळा कागद आहे, माझ्या सहीचा, अंकुररावाची माफी मागणारा. तो आधी त्यांले वाचू दे, मंग सगळ्यांपुढं टाक. हिवरखेडच्या भावकीले परत घ्यायचं का, ते मालकीण म्हणून तू पाहा. तेरावं खातं मात्र तू तुझ्या हातानं बंद कर. मी दोनदा बसलो, मले नाही जमलं. तिथं तू माझ्याशी बोलत होती.

चार अक्षता सोबत आहेत. येत्या रविवारी तुझी आई रोडगे अन् परसातल्या वांग्याची भाजी करून राहिली. तुमच्या घरची चूल त्या दिवशी बंद ठेवा. नाही आले तरी मी दारात चप्पल मोजणार नाही.

जेवली का, बाई?

तुझा बाप,
देवानंद
मु. पो. धारणी