शाळेची गळती

भुजंग,

तुला दादा म्हणायला जीभ वळंना. छपराचे पत्रे फुटून पोरांवर पाणी पडायलं, म्हणून गावानं अर्ज दिला, "शाळेला लय गळती हाय, बंदोबस्त करा." तू शाळा तपासणारा साहेब. पोरंच गळायलीत असं समजलास, पट घटला म्हणून पाचवी ते सातवी बोरीला हलवलीस. एकदा येऊन वर बघायचं तरी! त्याच छपराखाली तूबी भिजत शिकलास की.

बोरीची वाट ओढ्यातून. माझी लेक कौशी घरी बसली. आता झाली बघ तुझी खरी गळती.

हे पत्र टाकत न्हाई. भलताच अर्थ लावून तू चौथीबी उचलशील.

जय भीम यावेळी न्हाई.

तुझी बहीण होती ती,
तानुबाई