शिकाऊदादाची पिशवी

प्रिय भिंगरी,

झाली! अगं, झाली एकदाची! काल दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी माझी पिशवी पुरी झाली. ज्या तुझ्या बापाने चौतीस वर्षं लेथवर लोखंड कातलं, त्याने स्वतःच्या हातांनी क्रोशाने विणलेली, दोन बंदांची, आत चार किलो बटाटे मावणारी पिशवी! विश्वास बसत नसेल तर आईला विचार, ती साक्षीला आहे. पाकिटावरचं अक्षर ओळखून तुझ्या कपाळाला आठी पडली असणार, ती मला इथे बसून दिसतेय. सहा वर्षांत आपण एकमेकांशी एक शब्द बोललो नाही, आणि बोलायला मला तोंडही नव्हतं. पण फाडायच्या आधी हे शेवटपर्यंत वाच. मला तुझ्याकडे एक गोष्ट मागायची आहे. ती मी अगदी शेवटी मागणार आहे, कारण आत्ताच मागितली तर तू नाही म्हणशील. तसं म्हणायचा तुला पुरेपूर हक्क आहे, पण आधी माझं ऐक तरी.

तर झालं असं. निवृत्त झाल्यावर पहिल्या महिन्यात मी घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं. दुसऱ्या महिन्यात पुन्हा घातलं. तिसऱ्या महिन्यात आई म्हणाली की आता फक्त मीच उरले आहे, मलाही घाला. घरात मी म्हणजे अडगळीत ठेवलेल्या कपाटासारखा झालो होतो. जाता-येता सगळ्यांना लागायचो. आणि मग मोबाईलवर मला एक बाई सापडल्या. थांब, लगेच डोळे मोठे करू नकोस. शिकवणाऱ्या बाई! क्रोशाकामाचे धडे देतात. अगदी नवशिक्यांसाठी सोपी पिशवी, असा धडा. आई दुपारी झोपली की मी कानात ती वायर घालून बाईंचं ऐकत बसायचो. महिनाभर नुसता ऐकत बसलो. मग एक दिवस बाईंनी धड्याच्या मध्येच दटावलं की काही लोक नुसतंच बघत बसतात, त्यांनी आता सुई हातात घ्यावी, बघून कुणाला पोहता येत नाही. मी दचकून कानातली वायरच काढली. एवढी जरब मला आमच्या फोरमनचीसुद्धा कधी वाटली नाही गं.

आता सुई आणायची कुठून? दुकानात जाऊन, मला क्रोशाची सुई द्या, असं म्हणायची लाज वाटली. मग कारखान्यातल्या माझ्या जोडीदाराच्या वर्कशॉपमध्ये गेलो, अ‍ॅल्युमिनियमचा पाच मिलिमीटरचा दांडा घेतला आणि लेथवर स्वतःची सुई कातली. टोकाची खाच कानशीने घासली, वर पॉलिश मारलं. अशी सुई कुठल्या दुकानात मिळणार नाही, लिहून घे. जोडीदाराने विचारलं हे काय, तर म्हणालो, कान कोरायला. तो बिचारा माझ्या कानाकडे काळजीने बघत राहिला. दोरा म्हणून घरातलीच पुड्या बांधायची पांढरी सुतळी घेतली. अंगठीसारखा फास, त्यातून साखळी, साखळीवर मुके खांब. मुका खांब म्हणजे सगळ्यात बुटका, सगळ्यात साधा टाका, हे तुला मी काय सांगायचं? पण मला तो शिकायला नऊ दिवस लागले. नाव मात्र आवडलं. म्हटलं, सहा वर्षं आपणही या घरात तेच आहोत.

आणि आता माझा पराक्रम ऐक. पिशवीचा तळ म्हणून एक सरळ आयत विणायचा होता. एकेचाळीस साखळ्या, त्यावर चाळीस खांब, ओळ संपली की एक साखळी घालून वळायचं, अशा दहा ओळी. सोपं! कुणालाही येईल! मला आला तो आयत नव्हता, होडीचं शीड होतं. खाली रुंद, वर निमुळतं. व्हर्नियर लावून मोजलं, तर प्रत्येक ओळीला बारीक होत चाललेलं. पहिल्या ओळीला चाळीस खांब, दहाव्या ओळीला एकतीस. मी सुतळीला दोष दिला. सुईला दिला, स्वतः कातलेल्या! नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. खुर्चीसुद्धा बदलून पाहिली. शेवटी बाईंच्या धड्याखाली लिहून विचारलं. तिथे लिहिता येतं आणि बाई उत्तर देतात, कितीही बावळट प्रश्न असला तरी. मी नाव घेतलं होतं जुना शिकाऊ. बाईंनी दुसऱ्याच दिवशी लिहिलं, शिकाऊदादा, वळल्यावर तुम्ही पहिलं घर, म्हणजे कडेचा पहिला टाका, सोडताय का? आणि मी कपाळावर हात मारला! तिथेच तर घोडं पेंड खात होतं! तुला माहीत आहे, लेथवर दांडा लावला की त्याचं कच्चं टोक आम्ही मापात धरत नाही. आधी ते कातून टाकायचं, मग माप सुरू. चौतीस वर्षांची हाताची सवय. वळलो की कडेचं पहिलं घर माझा हात आपोआप सोडून द्यायचा, कच्चं टोक समजून. बाईंनी लिहिलं की कडेचं घर कच्चं नसतं दादा, तेही मोजायचं असतं, विसरायला होत असेल तर तिथे सेफ्टी पिन लावा. मी पिन लावली आणि पुढच्या ओळीला चाळीस! त्याच्या पुढच्या ओळीला चाळीस! मी उठून त्या खोलीत नाचलो, अगदी खरं सांगतो. गुडघा त्याच दिवशी दुखावला.

त्या नाचण्यामुळेच पकडला गेलो. दुपारी मी अडगळीच्या खोलीत दार लावून बसतो म्हणजे माझी सिगारेट पुन्हा सुरू झाली, असा आईला पक्का संशय होता. धाडकन दार उघडून आत आली ती वास घेतच. बघते तर नवरा एका पायावर उभा, एका हातात सुई, दुसऱ्या हातात सुतळीची चिंधी. ती दारातच खाली बसून हसली. इतकी हसली की पदराने डोळे पुसायला लागली, आणि मग पुसतच राहिली. मी मोबाईल तिच्यापुढे धरला, बाई दाखवल्या. तुझ्याशी दर रविवारी फोनवर बोलताना यातलं अवाक्षर काढणार नाही, असं मी तिच्याकडून वदवून घेतलं. पाच महिने तिच्या पोटात ही गोष्ट राहिली. तुझ्या आईच्या पोटात! तिला एखादं पदकच द्यायला हवं.

पण भिंगरी, सगळाच नाच नव्हता. चूक सापडली तरी आधीचं सगळं उसवावं लागलं. एकदा नाही, अकरा वेळा उसवलं. चौथ्या वेळी मी टोक ओढलं आणि तो आवाज झाला. तर्र, तर्र, तर्र, एकेक टाका सुटतानाचा. माझा हात तिथेच थांबला आणि मी जिन्यात जाऊन बसलो. कारण तो आवाज मी एकदा ऐकला होता. मावशी आली होती त्या दिवशी. तू तुझा निळा पलंगपोस दिवाणावर पसरलास, आठ महिने विणलेला, अजून थोडा बाकी होता. आणि म्हणालीस की कारखान्यातल्या ड्रॉइंग ऑफिसची नोकरी सोडते, लोकरीचं दुकान काढते, लोकांना शिकवते. साहेबांपुढे हात जोडून मी ती नोकरी तुला मिळवली होती आणि मला ती माझी अब्रू वाटत होती. मी ते सुटं टोक धरलं आणि ओढलं. बघ, लोखंड असं उसवत नाही, असं म्हणत ओढत राहिलो. तू अडवलं नाहीस. नुसती उभी होतीस. मावशी कपातल्या चहाकडे बघत बसली होती. त्या आठवड्यात तू घर सोडलंस, उरलेला पलंगपोस काखेत घेऊन.

ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, आणि मला कळायला सहा वर्षं नि सुतळीचा एक गुंडा लागला. मी हिशेब केलाय, मला त्याशिवाय काही समजत नाही. पलंगपोसाची एक ओळ दोनशे चाळीस टाक्यांची, आईला आठवतंय. मी तीस ओळी उसवल्या. सात हजार दोनशे टाके. माझा वेग आता मिनिटाला बारा. म्हणजे दहा तास, मान वर न करता. तुझे दहा तास मी पाच मिनिटांत जमिनीवर ओतले, आणि वर तुला शहाणपण शिकवलं. मी चुकलो, बाळा. रागाच्या भरात झालं, असंही म्हणणार नाही, कारण तिसाव्या ओळीपर्यंत राग उरलेला नव्हता. नुसता हट्ट होता. मला माफ कर, हे मी तेव्हाच, त्याच दिवाणापाशी म्हणायला हवं होतं.

जिन्यातून वर आलो तेव्हा आईने बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा माझ्या मांडीवर ठेवला. आत तोच निळा दोरा, कुठेही न तोडता गुंडाळलेला, वाटीएवढ्या चार गुंड्यांत. त्या दिवशी तिने तो जमिनीवरून गोळा केला होता आणि सहा वर्षं माझ्यापासून लपवला होता. उसवलेला दोरा कसा झालेला असतो तुला ठाऊक आहे, सगळा कुरळा, शहाण्या माणसाने हात लावू नये असा. बाईंना विचारलं. त्यांनी सांगितलं, लडी करा, भिजवा, खाली वजन बांधून वाळत टाका, कुरळेपणा जातो. मी माझा पितळी ठोकळा बांधला. तीन दिवस गॅलरीत निळ्या लड्या लोंबत होत्या. शेजारच्या शिक्षिका खालून विचारायच्या की हे काय वाळत घातलंय, आणि आई वरून सांगायची, यांचा ताठा! आणि मग सुरू झालो. चाळीस खांबांचा तळ, दहा ओळी, सगळ्या चाळीसच्या. मग तळाच्या चहूबाजूंनी फेर, एकावर एक, सलग, दोरा न तोडता. वर बंदांसाठी साखळ्या, त्यांच्यावर पुन्हा खांब. पहिल्यांदा बटाटे भरले तर बंद ताणून पिशवी पार गुडघ्याला आली! तेवढे बंद उसवून घट्ट घातले. आता बरोबर कमरेशी राहते. आणि दोरा पुरला गं! मोजून पुरला, वर वीतभर उरला. काल मी ती खांद्याला अडकवून भाजी आणायला गेलो. भाजीवालीने विचारलं, सुनेने केली का? मी म्हणालो, मीच केली. ती काय हसली म्हणून सांगू! पण हात लावून बघितली आणि म्हणाली, वीण छान आहे. ऐकलंस? वीण छान आहे!

बाई कोण, हे तू केव्हाच ओळखलं असशील. ओळखलं नसलंस तर ऐक. पहिला महिना मी धडे क्रोशासाठी ऐकत नव्हतो, नुसता तुझा आवाज ऐकत होतो. मग तू दटावलंस आणि तुझा धडाही ऐकावा लागला. तुझा शिकाऊदादा मी आहे. पाच महिने तू माझ्या सगळ्या बावळट प्रश्नांना उत्तरं दिलीस, एकदाही वैतागली नाहीस, आणि मी त्या दिवशी तुला एक प्रश्न विचारण्यापुरताही थांबलो नव्हतो. प्रत्येक धड्यात तुझ्या मागच्या भिंतीवर तो अर्धवट पलंगपोस दिसतो, तू लावलेला, उसवलेली कड तशीच ठेवून. मला तिकडे बघवत नाही आणि तिकडेच बघतो. तू जाहीर केलंस की पिशवी पुरी केलेल्या सगळ्यांनी येत्या रविवारी दहा वाजता ती घेऊन दुकानात यावं. तेच मला मागायचं आहे. मी येऊ का? धड्याखाली शिकाऊदादाला एक शब्द लिही, ये किंवा नको, दोन्ही मी मान खाली घालून वाचीन. ये म्हणालीस तर सकाळची पहिली बस धरीन. आणि एक सांगायचं राहिलं. मी वर पिशवी पुरी झाली म्हटलं, ते पूर्ण खरं नाही. शेवटचा टाका मी बंद केलेला नाही. दोरा कापून टाक्यातून ओढून घ्यायचा, एवढं तू शिकवलंस आणि मला येतंही, पण मी तिथे सेफ्टी पिन लावून टोक तसंच मोकळं ठेवलंय. सगळी पिशवी एकाच सलग दोऱ्याची आहे. तुला बंद करावंसं वाटलं तर तुझ्या हाताने कर. ओढावंसं वाटलं तर ओढ, अगदी तळापर्यंत. मी समोर बसून बघेन, तुला अडवणार नाही, आणि मग तिथेच तुझ्या दुकानात बसून पहिल्या साखळीपासून पुन्हा सुरुवात करीन.

तुझाच,
बाबा
(पाच महिन्यांचा शिकाऊदादा)