दोन कोठ्यांमधला प्रिंटर

३ नोव्हेंबर, सिहोरा
आला! वायफायवाला प्रिंटर! आता लोकांचे ऑनलाइन फॉर्म घरीच भरून छापून द्यायचे — माझं स्वतःचं काम! सासूबाईंनी आधी हळदकुंकू लावलं, मग हुकूम सोडला — "नवी वस्तू धानाजवळ ठेवा लागते." म्हणजे आतल्या खोलीत, यंदाचा लवकर पिकलेला हलका धान काठोकाठ भरलेल्या दोन पत्र्याच्या कोठ्यांच्या मधे! असो. जोडायला वायर तर लागतच नाही.

४ नोव्हेंबर
जोडलाच जात नाही! राऊटर ओसरीत, प्रिंटर आत. पासवर्ड पाच वेळा टाकला. निळा दिवा नुसता लुकलुकतो. माझा नवरा, धनंजय, म्हणतो, "दहा तारखेपावतो नाही जमलं तं वापस करून टाकू. मंग वापस घेत नाही ते." काय तो त्याचा उत्साह! काम सुरू व्हायच्या आधीच बंद.

५ नोव्हेंबर
नाही.

७ नोव्हेंबर
कंपनीला फोन लावला. तिकडच्या माणसानं विचारलं, "मॅडम, मधे काही लोखंडी, पत्र्याचं आहे का? सिग्नल अडत असेल." मी कोठ्यांकडे पाहिलं. इतकं हसू आलं की फोनच ठेवला!
पण सासूबाई हलवू देतील तर शपथ! "काहून हालवून राहिली? लक्ष्मीजवळ ठेवली हाये."
चिडले. "तुमच्या लक्ष्मीपायी माझं काम बुडतंय," तोंडावर बोलून गेले. जेवताना मला मान वर करवेना.

८ नोव्हेंबर
सकाळी बघते तर प्रिंटर ओसरीत! राऊटरशेजारी, खाली पाट, वर ताजं हळदकुंकू. त्यांनी एकटीनं उचलून आणला. बटण दाबून धरलं, दिवा लुकलुकला — आणि थांबला. जोडला गेला!! मोबाईलवरून पहिला कागद छापला — 'टीना ऑनलाइन सेंटर, सिहोरा'. तो घेऊन धनंजय गल्लीभर दाखवत फिरला. म्हणे वापस करणार होता!
सासूबाईंनी एवढंच विचारलं, "जुन्या कागदाची झेरॉक्स निंगते का याच्यात?" निघते म्हटलं.

९ नोव्हेंबर
सासूबाईंनी आज कोठीचं झाकण काढलं, धानात कोपरापर्यंत हात घातला आणि पॉलिथिनची एक पुडी वर काढली. आत निकालपत्र — कुमारी गोदावरी, नववी पास. एकोणचाळीस वर्षांपूर्वीचं.
"पयला फॉर्म माहा भर," म्हणाल्या. "दहावीचा."