आजीच्या खोलीतला पेट्रोलपंप

प्रिय अविराज,

पोटभर आशीर्वाद. लहानपणी तू एक चप्पल शाळेत इसरून दुसरी पायात घालून घरी यायचास. तवा इंदापूरला नोकरीला लागून सुधारशील अशी माझी आशा न्हवतीच. तरी इचारते, मागल्या महिन्यात बापाला फोनवर काय सांगितलंस, ध्यानात हाय का? न्हाय ना. तू म्हणालास, दादा, पेट्रोल मिळायचं बंद होणार हाय म्हणं, थोडं घरात भरून ठेवा. एवढं बोललास आणि इसरलास. तुझा बाप मानसिंग इसरला न्हाय.

पंपावर कॅनात देत न्हाईत. मग हा गडी कऱ्हाटीतनं बारामतीला जायचा, गाडीची टाकी फुल करायचा, घरी येऊन तोंडानं नळी ओढून कॅनात काढायचा, आणि परत बारामती. पेट्रोल आणायला पेट्रोल किती जाळलंस, असं इचारलं तर म्हणाला, आई, तुला न्हाय कळायचं. आठ दिवस त्याच्या तोंडाला असा वास, की तुझ्या आईनं, रेश्मानं, त्याचं अंथरूण ओट्यावर टाकलं. पत्र तीच लिहितीय, म्हणतीय आत्याबाई हे नको. लिही गं, पोरगं काय परकं हाय? तिच्या हसण्यानं अक्षर वाकडं आलं तर मला बोल लावू नको, मला अक्षर येतच न्हाय.

पेट्रोल बंद झालंच न्हाय. पण फवारणीच्या औषधाचे तीन कॅन धुऊन, गच्च भरून माझ्या खाटंखाली आले, का तर मातीच्या भिंती, खोली गार. लगेच हुकूम सुटला, हितं चूल पेटवायची न्हाय, देवापुढं दिवा न्हाय, मिश्री भाजायची न्हाय. त्यात त्याचं खरं होतं. एक ठिणगी उडाली असती तर मी, देव आणि खुराड्यातल्या कोंबड्या संगटच गेलो असतो. पण मग कॅन हलवायचे का चूल? लगीन होऊन आले तवापासनं ती चूल फकस्त तुझा आजा गेला तवाच थंड ऱ्हायली. ह्या घरात माझा शब्द चालावा अशी तेवढीच जागा उरलीय, बाबा. गॅसवरच्या भाकरीनं जीव इटला. मानसिंगला दहादा सांगितलं, कॅन रानातल्या मोटारीच्या खोलीत ठेव. तर म्हणाला, "तितं चोरी हुईल."

चोरीचं मला तवाच सुचलं.

शेजारचा रामहरी रोज मोटरसायकलवर एमआयडीसीत कामाला जातो. मानसिंग उसाला पाणी द्यायला गेला की रामहरी बाटली घेऊन हजर. एकेक कॅन रिकामा झाला, तसा तुझ्या आईनं राखेनं घासून धुतला आणि विहिरीच्या पाण्यानं भरून जागच्या जागी ठेवला. तिन्ही झाले तवाच मी काडी ओढली. आता मानसिंग रानात गेला की चूल पेटती, तो यायच्या आत इझती. रामहरी मातूर रस्त्यात त्याला बघून हात जोडतो. मानसिंगला वाटतंय, गावात वजन वाढलं, सोसायटीच्या निवडणुकीला उभं राहावं.

हे पत्र धाडायचं कारण असं. फोनवर बोलायची सोय न्हाय, तुझा बाप फोन स्पीकरवर टाकून अख्ख्या अंगणाला ऐकवतो. पुढल्या महिन्यात तू नवी गाडी घेऊन येणार, तवा तिच्यात हेच पेट्रोल आपल्या हातानं वतायचं, असं तो गल्लीभर सांगत सुटलाय. तर येताना टाकी काठोकाठ भरून ये. आणि आल्या आल्या कबूल हो की आज्जीच्या खोलीतलं पेट्रोल धोक्याचं हाय, ते काढून टाका, असं तूच आम्हांला सांगितलंस. माझा राग तुझा बाप सहा महिने धरतो, तुझा चहा उकळंस्तवर. शिवाय सुरुवात तुझीच हाय. कबूल असलं तर उलट फोन करू नको, भिगवणवरनं येणाऱ्या कुणाच्याबी हाती चिलापी मासळी पाठव, मी समजून घेईन. मातूर कच्चीच पाठव, तळायचं माझं मी बघते.

तुझीच,
चुलीपाशी बसलेली आज्जी बनाबाई