दक्षिणी माणसाचा चहा

आबा,

तुम्ही गेलात त्या वयाच्या पुढे मी केव्हाच गेलो. आता आपण दोघं शेजारी उभे राहिलो तर लोक मलाच तुमचा बाप म्हणतील. दुपारची वेळ आहे, पोरगी कोर्टात गेली आहे आणि मी घरात एकटा आहे. एकटा असलो की मला जिन्यावरची पावलं ऐकू येतात. वरच्या मजल्यावरच्या मुलांची असतात, गॅसवाल्याची असतात, पण आपल्या दारासमोर ती थांबतात की पुढे जातात, हे मी श्वास रोखून ऐकतो. लिहायला बसलं म्हणजे ते जरा कमी होतं. माझं शिक्षण तुम्हाला माहीतच आहे, सातवीला शाळा सुटली ती सुटलीच. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर तुम्हाला कळणार नाही, तुम्हाला तर वाचताच येत नव्हतं.

ही पोरगी तुम्ही पाहिली नाही. वकील झाली आहे. चांगल्या मोठ्या वकिलाकडे कामाला होती, ते सोडून एका संस्थेत गेली. घडियाळी पोळ म्हणून जुनी गल्ली आहे ना, तिच्या अलीकडे एका कापडाच्या दुकानावर दोन खोल्या, तिथे ती संस्था. कुठल्या गावात आपल्या लोकांना नळावर पाणी भरू देत नाहीत, कुठे न्हावी केस कापत नाही, कुठे स्मशान वेगळं, हे सगळं ही माणसं गावोगाव फिरून विचारतात आणि मग पोलिसांत, कोर्टात जातात. मुसलमानांना भाड्याने घर नाकारलं तरी ही तिथे. गटारात उतरून माणूस मेला तरी ही तिथे. मी तिला एकदा म्हटलं, तुला सगळ्या बडोद्याची भांडणं घरी आणायची हौस आहे. ती म्हणाली, "पप्पा, भांडणं आधीपासून घरातच आहेत. तुम्ही फक्त त्यांच्यावर चादर घातली आहे." वकील पोरीशी बोलण्यात जिंकता येत नाही, आबा.

या उन्हाळ्यात डभोईच्या पुढच्या एका गावात आपल्यासारख्याच एका मजूर पोराने चहाच्या हॉटेलात बाहेर उभं न राहता आत जाऊन बाकावर बसून चहा मागितला. लोकांनी मारून त्याचा हात मोडला. संस्थेने केस केली, आणि पुढच्या रविवारी सगळ्यांनी मिळून त्याच हॉटेलात चहा प्यायला जायचं ठरवलं. गावाचं नाव पोरीने सांगितलं तेव्हा माझ्या हातातली पोळी ताटात पडली. तुमचं स्टेशन, आबा. तुम्ही रेल्वेच्या छोट्या लाइनीवर गँगमन होतात, रूळ ठोकायचात, तेव्हा तुमची टोळी जिथे उतरायची ते.

ते हॉटेल मला माहीत आहे. तेव्हा ते हॉटेल नव्हतं, कडुलिंबाखाली एक छप्पर होतं. शाळेला सुट्टी आहे म्हणून तुम्ही मला गाडीतून घेऊन आला आहात. रेल्वेचा निळा शर्ट, पाठ ताठ. घरी तुम्ही असे चालत नाही. आत जाता, बाकावर बसता आणि गुजरातीत म्हणता, "बे चा, भाई." आणि लगेच माझ्याकडे वळून मराठीत, मोठ्याने, "आज ऊन फार आहे. शाळेत काय शिकवलं? सांग. मोठ्याने सांग." मला वाटतं चहाच्या दुकानात ओरडूनच बोलायची पद्धत असेल. मी ओरडून बेचा पाढा म्हणतो. दुकानदार मान डोलावतो. तुमची युक्ती मला तेव्हा कुठे ठाऊक? बडोद्याच्या मुलखात मराठी बोलणारा म्हणजे दक्षिणी, आणि दक्षिणी म्हणजे राजाच्या माणसांपैकी, ब्राह्मण नाहीतर मराठा. त्यात आपलं आडनाव मराठ्यांतही आहे. महार हा शब्द त्या गावात कुणी ऐकलेलाही नव्हता. तुम्ही मराठीच्या आड बसून चहा पीत होता.

मग एक माणूस भारा टाकून छपराबाहेर उभा राहिला. भिंतीत कोनाडा होता, त्यात कान तुटलेला एक कप. तो त्याने स्वतः काढला, पुढे धरला, दुकानदाराने वरून चहा ओतला. प्याला, मातीने घासून धुतला, परत कोनाड्यात ठेवला. मी विचारलं, ते काय? दुकानदार म्हणाला, "ए तो रामपातर छे, बेटा." आपल्या घरी तेव्हा देव्हारा होता अजून. आई रामनवमीला सुंठवडा करायची. मला वाटलं, रामाचं पात्र, म्हणजे देवाचं भांडं, म्हणून तर कोनाड्यात ठेवतात. आणि तुम्ही शिकवलं होतं तसं मी मोठ्याने म्हणालो, "आबा, मला रामाच्या भांड्यातून चहा पाहिजे."

दुकानदाराला मराठी समजत होतं. तो सगळ्यांना ओरडून म्हणाला, "अल्या सांभळो, दक्षिणीनो छोकरो रामपातर मागे छे!" सगळे हसले. तुम्हीही हसलात. तसं हसणं मी तुमच्याकडून पुन्हा कधी ऐकलं नाही, आणि बाकाखाली तुमच्या बोटांनी माझा गुडघा असा धरला होता की संध्याकाळी आईने तेल लावलं. परत येताना तुम्ही मला मारलं नाही. रुळाच्या कडेला खडीवर बसलात, मला समोर उभं केलंत आणि म्हणालात, "ते भांडं आपलंच आहे. म्हणून मागायचं नाही." मग विचारलंत, "आपण कोण?" मी म्हणालो, दक्षिणी. "अजून कोण?" मी पायाने खडी ढकलली. "अजून कुणी नाही," तुम्ही म्हणालात, आणि माझ्याकडून ते पुन्हा म्हणवून घेतलंत.

त्यावर मी अख्खा जन्म काढला. कारखान्यात फिटरच्या हाताखाली होतो तेव्हा, मकरपुऱ्याला हा फ्लॅट घेतला तेव्हा. समोरच्या फ्लॅटमध्ये एक काका राहतात, बँकेतून निवृत्त, मनाने चांगले. राहायला आलो त्या आठवड्यातच म्हणाले, "तमे तो मराठा ने? राजाना माणस!" मी हो म्हटलं नाही. मान हलवली. ती कशी हलवली हे त्यांनी त्यांचं ठरवलं. रामपातरची गोष्ट मी पोरीला ती कॉलेजात असताना एकदा गंमत म्हणून सांगितली होती. ती हसली नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं की ती पोरगी कुठे जाणार.

रविवारच्या आधी एक फोन आला. पोरीचा फोन चार्जिंगला होता म्हणून मी उचलला. बोलणारा अगदी अदबीने बोलत होता. "बेनने कहेजो, डभोईनो रस्तो खराब छे. संभाळीने आवजो." मी विचारलं, कोण? तर म्हणे, "शुभचिंतक." मी हे तिला सांगितलं तेव्हा ती भेंडी चिरत होती. म्हणाली, "असे येतात. हा तरी सभ्य होता."

"तू जाऊ नकोस."

"त्या पोराला काय सांगू? पप्पांनी नाही म्हटलं?"

"तुला मारतील."

"दोन पोलीस असणार आहेत."

"पोलीस कुणाचे?"

तिने भेंडीची ताटली बाजूला सारली. म्हणाली, "तुम्ही चला ना. काही बोलायचं नाही, नुसतं बसायचं." मला हिंमत आली असं समजू नका, आबा. घरात बसून घाबरण्यापेक्षा तिथे जाऊन घाबरलेलं बरं, एवढाच हिशेब होता.

छोटी लाइन गेली, मोठी आली. छप्पर जाऊन तिथे टाइल्स लावलेलं पक्कं हॉटेल झालं आहे, आत फ्रीज, पंखे. बाहेर आमची माणसं उभी, हाताला प्लास्टर घातलेला पोरगा मध्ये, त्याची आई डोक्यावरचा पदर पुन्हा पुन्हा ओढते आहे. हॉटेलातला माणूस ट्रेमधून प्लास्टिकचे कप घेऊन बाहेर आला. आत बसलेल्यांच्या हातात काचेचे ग्लास. "बधाने आपीए छीए, क्यां ना पाडीए छीए?" सगळ्यांना देतोच आहोत, नाही कुठे म्हणतो, असं तो पोलिसांकडे बघत म्हणाला. पोरगी शांतपणे म्हणाली, आम्हाला आत बसून, ग्लासातून. रस्त्यापलीकडे पंधरा-वीस जण मोटरसायकलींवर बसून बघत होते. मी पोरीला म्हणालो, "मला जरा टेकू दे."

ते मराठी गल्ल्यावरच्या म्हाताऱ्याने ऐकलं. माझ्याच वयाचा. "काका, दक्षिणी? वडोदराथी आव्या? अंदर आवो, पंखा नीचे बेसो." मी त्यांच्यातला नाही, असं त्याने धरलंच. आणि आबा, मी आत गेलो. पाय मला घेऊन गेले. पंख्याखाली बसलो, माझ्यासमोर कपबशी आली. दारातून पोरगी माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. तुम्ही चष्मा नसताना लांबून येणारी गाडी ओळखायचा प्रयत्न करायचात, तशी.

मी त्या म्हाताऱ्याला म्हणालो, "हुं एमनी साथे छुं." मी त्यांच्याबरोबर आहे. तो म्हणाला, हां हां, वकील असाल. मी म्हणालो, नाही. महार म्हणावं तर त्याला काय कळणार? जातीचं भाषांतर कसं करायचं? शेवटी म्हणालो, "जेमने तमे बहार ऊभा राखो छो ने, ए अमे." ज्यांना तुम्ही बाहेर उभं करता, ते आम्ही. मग उगाच पुढे बोलत गेलो, की लहानपणी इथे आलो आहे, वडील छोट्या लाइनीवर गँगमन होते.

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. जुनी ओळख निघाल्यासारखा. म्हणाला, "पेला जोरथी मराठी बोलता ए? मारा बापा बहु याद करता." ते मोठ्याने मराठी बोलायचे तेच ना, माझे वडील फार आठवण काढायचे. आणि मग अगदी प्रेमाने सांगितलं. त्याच्या वडिलांना सगळं माहीत होतं. रेल्वेतल्याच कुणीतरी येऊन सांगितलं होतं. पण माणूस चांगला, सरकारी नोकर, कशाला तोंडावर बोला? तुम्ही उठून गेलात की तुमचा कप वेगळा काढून राखेने घासायचे. "अमने बधाने खबर हती, काका. कोई बोल्युं नहीं." सगळ्यांना ठाऊक होतं, कुणी बोललं नाही. मला बरं वाटावं म्हणून तो हे सांगत होता.

म्हणजे त्या दिवशी सगळे हसले ते कशाला, आबा? मी पोरगा वेडा म्हणून, की त्यांना ठाऊक होतं म्हणून? हा कागद कुठे पाठवता येत नाही हे बरं आहे. हे तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही त्या ताठ पाठीचं काय केलं असतं?

पुढे काय झालं ते थोडक्यात. मी उठून बाहेर पोरीपाशी उभा राहिलो. बरीच वादावादी झाली, शेवटी फौजदाराला फोन गेला आणि ग्लास आले. आत बसून सगळे चहा प्याले. पोराच्या आईने अर्धाच प्याला. परत येताना जीपमध्ये पोरं गात होती आणि मी मागच्या काचेतून बघत होतो, कारण एक मोटरसायकल बराच वेळ मागे होती. पोरीने विचारलं, तो म्हातारा तुम्हाला काय सांगत होता? मी म्हणालो, "जुन्या गाडीचं." खरं तिला दोन दिवसांनी सांगितलं, तेही ती पाठमोरी असताना.

तेव्हापासून माझं वेगळंच चाललं आहे. समोरचे काका संध्याकाळी चहाला बोलावतात. त्यांच्याकडे माझा स्टीलचा एक ग्लास ठरलेला आहे. सून दुसरा घेऊन आली तर काका तिला म्हणतात, "ए नहीं, काकानो गिलास लाव." इतकी वर्षं मला त्याचं केवढं कौतुक होतं, परक्याच्या घरी आपला म्हणून ग्लास. आता मी तो ग्लास कुठे ठेवलेला असतो ते आठवायचा प्रयत्न करतो. बाकीच्या भांड्यांबरोबर, की बाजूला? आठवत नाही. विचारता येत नाही. माणूस चांगला आहे, आणि याच शब्दाची मला आता भीती वाटते. काल त्यांनी हाक मारली तर पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.

संस्था आता लोकांच्या अशा आठवणींची एक पुस्तिका काढते आहे, नावागावानिशी. पोरीने विचारलं, तुमची देऊ का? जबरदस्ती नाही. नाव छापलं की सोसायटीत कळेल, मग काका, मग खालचा किराणावाला, मग त्या फोनवाल्याला घराचा पत्ता. मी दोन रात्री नीट झोपलो नाही. आज सकाळी ती निघताना चपला घालत होती तेव्हा म्हणालो, "दे. पण माझ्या नावाने नको. आबांच्या नावाने दे. त्यांना आता कोण काय करणार?"

ती हसली. "पप्पा, आडनाव तेच आहे. आणि खाली नात म्हणून माझं नाव येणार. काकांना कळायला किती वेळ लागेल?"

मी म्हणालो, "अरे हो. हे माझ्या डोक्यातच आलं नाही." ती जिना उतरून गेली आणि मी दाराला कडी घातली.

आबा, डोक्यात आलं होतं.