जुन्या दाराशी बसायला माणूस

तीर्थरूप धाकट्या काकांना,

वाकून नमस्कार. तुमचा गुडघा जिना चढताना अजून कुरकुरतो का? इथे सगळं ठीक आहे. म्हणजे आईबाबा ठीक आहेत, आत्या आहे तशीच आहे आणि माझी झोप उडाली आहे.

आधी मागच्या पत्रातली चूक दुरुस्त करते. ‘दुकानाची वेबसाइट नव्या सर्व्हरवर गेली, तुमच्या मागच्या खोलीतलं जुन्या सर्व्हरचं मशीन आता खुशाल बंद करा,’ असं मी लिहिलं होतं. त्यातलं ‘गेली’ बरोबर आहे, ‘खुशाल’ चूक आहे. कृपया बंद करू नका.

झालं असं. कुणाचं शिलाई मशीन बिघडलं की तो आधी शोधयंत्राला विचारतो आणि शोधयंत्र आपलं दुरुस्तीचं दुकान दाखवतं. त्यासाठी शोधयंत्राचे क्रॉलर नावाचे प्रोग्रॅम साइटींवर फेऱ्या मारून काय आहे ते बघून जातात. (बाबांना वाटतं ती माणसं आहेत. ‘त्यांना चहा तरी विचारत जा,’ म्हणतात.) आता, अर्धवट आवरलेल्या खोलीत पाहुण्याला घ्यायचं नाही, हे आपल्या घरात मला बाराखडीच्या आधी शिकवलं गेलं. म्हणून नव्या सर्व्हरवर मांडामांड चालू असताना मी क्रॉलरांसाठी सूचना लावली की कृपया आत येऊ नये. मग सगळी पानं तपासली, प्रत्येक फोटो पुन्हा तपासला आणि साइट सुरू केली. सूचना तशीच राहिली! क्रॉलर आले, सूचना वाचली आणि निघून गेले. दारावर थाप नाही, तक्रार नाही. इतकी सभ्य मंडळी आपल्या नात्यातसुद्धा नाहीत.

इकडे फोन वाजेनासा झाला. आई तो सारखा पुसून ठेवायला लागली. बाबा म्हणाले, ‘लोक मशीनं नीट वापरायला लागले असतील,’ पण त्यांचा चेहरा पडलेला होता. कारण कळल्यावर आत्या मला म्हणाली, ‘येऊ नका म्हणायचं आणि आले नाहीत म्हणून रडायचं, ही कुठली रीत गं?’

सूचना आता काढली आहे. क्रॉलर परत येताहेत, पण बेताने. तुम्ही नव्या खुर्चीवर बसण्याआधी ती हाताने दाबून बघता ना, तसे ते नव्या सर्व्हरला भार सोसतो का ते बघतात आणि मग फेऱ्या वाढवतात. मात्र काहींच्या डोक्यात अजून जुनाच पत्ता आहे. ते तुमच्याकडे येतात आणि तिथेही तीच पानं मिळतात, म्हणून निभावतंय. तिथे वारंवार दार बंद दिसलं, तर दुकान उठलं असं धरून ते आपलं नाव दाखवायचं सोडतील. मग फोन पुसूनही उपयोग नाही.

आपलं दुकान कोपऱ्यावरून लोखंडी जिन्याखाली हललं तेव्हा बाबांनी आत्याला जुन्या दाराशी स्टुलावर बसवलं होतं, आठवतं? चुकलेलं शेवटचं गिऱ्हाईक येऊन जाईपर्यंत ती हलली नाही. (काहींना तर तिने हाताला धरून नव्या दुकानात पोचवलं. त्यातला एक नुसता रस्ता विचारायला थांबला होता.) तसंच हे आहे. जुन्या पत्त्यावर कुणीच फिरकेनासं झालं, की मशीन मी स्वतः येऊन बंद करीन.

खोलीतून निघताना बटणं बंद करायची तुमची सवय चांगलीच आहे (मी आत वाचत बसले होते तेव्हाही तुम्ही दिवा घालवलात), पण हे एक बटण तेवढं सोडा. गुडघ्याला जपा.

तुमची,
धाकटी पुतणी

ता. क. मशीनच्या घरघरीला कंटाळून रविवारी ते बंद करणार, असा तुमचा निरोप हे लिहितानाच आला. घरात चर्चा झाली. नुसत्या विनंतीने भागणार नाही, असं सर्वांचं मत पडलं. तेव्हा आत्या तुमच्याकडे राहायला येतेय. तिची खुर्ची खिडकीपाशी नको, प्लगपाशी ठेवा.

पुन्हा ता. क. क्रॉलरांना ऐकू येत नाही, हे मी तिला समजावलं. ती म्हणाली, ‘त्यांच्याशी कोण बोलतंय? मला धाकट्याशी बोलायचंय.’ मुक्काम किती, ते तिने सांगितलेलं नाही. मी तिला शनिवारी आणून सोडते.