अर्ज मागे न घेता

लिहून ठेवणार : सदाशिव बाबाजी मिरजकर, वय ६४, धंदा लेथकाम, राहणार नवनगर, हुबळी.

हे मृत्युपत्र मी माझ्या हाताने, दिवसाउजेडी, पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. इतरांच्या मृत्युपत्रात हे वाक्य रीत म्हणून येते. मला ते पुराव्यानिशी लिहावे लागते, कारण मी भ्रमिष्ट झालो आहे असे सांगणारी माझ्या मुलाची चित्रफीत गेल्या मंगळवारपासून वॉर्डभर मोबाइलवर फिरते आहे. म्हणून काल मी डॉ. दीपश्री यांच्याकडे जाऊन तपासून घेतले. त्यांनी शंभरातून सात सात वजा करायला लावले. मी दोनपर्यंत न चुकता आलो. त्यांचा दाखला सोबत जोडला आहे.

‘कोणाच्याही दडपणाशिवाय’ असेही लिहायचे असते. ते मला तसेच्या तसे लिहिता येत नाही. दडपण आहे, पण ते या मृत्युपत्रासाठी नाही. वॉर्डाच्या पोटनिवडणुकीतला माझा अर्ज मागे घ्यावा यासाठी आहे. परवा दुपारी तीनला त्याची मुदत संपते. अर्ज मी मागे घेणार नाही. पुढे मी किती दिवस असेन हे सांगता येत नाही, म्हणून मिळकतीची व्यवस्था आजच लावतो.

१. गोकुळ रोडवरची शेड, दोन लेथ, ड्रिल मशीन, सगळी हत्यारे आणि गिऱ्हाइकांची वही मुलगी प्रियांका हिला द्यावी. बारा वर्षे ती माझ्या शेजारी उभी राहून काम करते आहे. पंपाचा शाफ्ट हातात घेतल्याबरोबर तो वाकला आहे की नाही हे तिला कळते. मुलगा अमित याला ते कधी कळले नाही आणि कळून घ्यायचेही नव्हते. यात त्याच्यावर राग नाही, हे पुढच्या कलमांवरून दिसेल.

शेडमधला वेल्डिंग सेट माझा नाही. तो भीमराव तळवार यांचा आहे. तो त्यांच्या घरी पोचवावा.

२. शिसवी कपाटात एक केशरी काठाची शाल आहे. ती धुऊन, इस्त्री करून पक्षाच्या कार्यालयात जयतीर्थरावांना परत द्यावी. जयतीर्थराव हे पक्षाचे शहर चिटणीस. दसऱ्यानंतर ते चार माणसे घेऊन शेडमध्ये आले आणि त्यांनी ही शाल माझ्या खांद्यावर घातली. “मिरजकर, आम्हाला बाहेरचाच माणूस पाहिजे,” म्हणाले. “पक्षातली तोंडं लोकांनी पाहून झाली. तुमच्यावर एक डाग नाही.” मी म्हटले, मला भाषण येत नाही. “भाषण आम्ही करू. तुम्ही नुसते उभे राहा.”

मला ते आवडले, हे कबूल करतो. पत्नी वत्सला गेल्यापासून घरी कोणी मला काही विचारत नव्हते.

पंधरा दिवसांनी कार्यालयात बैठक झाली. आमच्या वॉर्डातले तळे बुजवून तिथे व्यापारी संकुल बांधायचे, ही पक्षाची भूमिका. तिला पाठिंबा असल्याचा कागद सगळ्यांनी सही करून पुढे सरकवला. माझ्याकडे आला तेव्हा मी विचारले, “वरच्या चार गल्ल्यांचं पाणी मग जाणार कुठं?” जयतीर्थराव हसून म्हणाले, “ते इंजिनियर बघतील. तुम्ही सही करा.” मी म्हटले, तळ्याच्या खालच्या अंगाला दीडशे घरे आहेत, इंजिनियर तिथे राहत नाहीत. सही केली नाही. त्या बैठकीत चहा आला. सगळ्यांना दिला, माझ्यापुढे कप ठेवला नाही. उमेदवारी गेली हे मला तेव्हाच कळले. अर्जाच्या शेवटच्या दिवशी पक्षाचे पत्र दुसऱ्याच माणसाला मिळाले. त्याने त्या कागदावर सही केली होती.

त्याच दुपारी मी अपक्ष म्हणून अर्ज भरला. सूचक म्हणून भीमराव आले. वीस वर्षे माझ्या शेडमध्ये वेल्डिंग करणारा माणूस, घर तळ्याच्या खालच्या अंगाला. सही करताना म्हणाले, “अण्णा, माझी सही कधी कुणी मागितली नव्हती.”

३. तळ्याचे कागद. जुना मोजणी नकाशा, माझे अर्ज, त्यांच्या पोचा, एकूण एक्केचाळीस पाने. मूळ संच प्रियांकाकडे आहे. तीन प्रती तीन वेगवेगळ्या घरांत आहेत, ती घरे मी इथे लिहीत नाही. वॉर्डातल्या ज्याला हवे त्याने मागावे आणि त्याला ते दाखवावेत.

४. नवनगरचे घर अमित आणि प्रियांका यांना समसमान. फाटकावर कोणत्याही पक्षाची पाटी लागू नये, एवढी अट.

अमितला घर का, असे प्रियांका विचारेल. त्याला पक्षाने युवक आघाडीचे पद दिले, ते माझ्या अर्जाच्या दुसऱ्या दिवशी. त्याच दिवशी त्याची ती चित्रफीत निघाली. “आई गेल्यापासून अप्पांचं डोकं ठिकाणावर नाही, त्यांना मत देऊन त्यांचा त्रास वाढवू नका.” मी ती सात वेळा पाहिली. बोलताना तो कॅमेऱ्याकडे पाहत नाही, बाजूला उभ्या असलेल्या कोणाकडे तरी पाहतो.

परवा तो घरी आला. भांडायला आला असे वाटले, पण स्वयंपाकघरात जाऊन त्याने स्वतःच्या हाताने खिडकी लावली आणि मग बोलला.

“अप्पा, फॉर्म मागे घ्या. ती चांगली माणसं नाहीत.”

“मग तू त्यांच्यात काय करतोस?”

“मी त्यांच्यात आहे म्हणून तुम्ही अजून घरी आहात.”

मी त्याला जेवायला वाढले. तो दोन घास खाऊन उठला. फाटकापाशी थांबून म्हणाला, “शेडकडं जाताना रोज एकाच रस्त्यानं जाऊ नका.” बत्तीस वर्षांचा मुलगा, चपला उलट्यासुलट्या घालून निघाला. त्याला मी कोणत्याही हक्कातून काढत नाही. चित्रफितीबद्दल त्याच्यावर माझा राग आहे. तो राग माझ्याबरोबर जाईल.

५. भीमराव गेले त्याबद्दल. मी कोणावर आरोप करत नाही, जे घडले ते घडल्या क्रमाने लिहितो. गेल्या आठवड्यात सोमवारी त्यांनी सही केली. मंगळवारी दोघे त्यांच्या घरी जाऊन “सूचकानं सही खोटी आहे म्हणावं” असे सांगून आले. भीमराव म्हणाले, “सही माझीच आहे.” बुधवारी सकाळी अकरा वाजता रायापूरजवळ, सरळ आणि मोकळ्या रस्त्यावर, त्यांच्या स्कूटरला टिप्परने मागून उडवले. टिप्परला नंबरपाटी नव्हती. दवाखान्यात मी पोचण्याआधी पक्षाची माणसे पोचली होती. त्यांनीच खर्च भरला, त्यांनीच भीमरावांच्या रडणाऱ्या पत्नीपुढे, शेवंताबाईंपुढे, कागद धरून सही घेतली. ‘मृत्यूबाबत माझा कोणावरही संशय नाही’ असे त्यावर लिहिले होते हे त्यांना संध्याकाळी कळले.

म्हणून माझ्या मुलांना ही सूचना, आणि ती मिळकतीच्या सगळ्या कलमांपेक्षा महत्त्वाची आहे. माझा मृत्यू रस्त्यावर, शेडमध्ये, विजेच्या धक्क्याने किंवा झोपेत, कसाही झाला तरी शवविच्छेदन झाल्याशिवाय मला हलवू नये. संशय नाही असे लिहिलेल्या कागदावर दोघांपैकी कोणीही सही करू नये. मी आत्महत्या करणार नाही. मला रक्तदाब नाही, साखर नाही. हेही दाखल्यात आहे.

६. अंत्यसंस्कार साधे करावेत. माझ्या देहावर कोणताही झेंडा घालू नये. जयतीर्थराव हार घेऊन येतील, येतीलच. त्यांना आत घ्यावे, बसवावे, चहा द्यावा. माइक देऊ नये.

७. अपक्ष उमेदवार मेला तरी मतदान थांबत नाही, माझे नाव यंत्रावर राहते, असे वकिलांनी सांगितले. मी म्हटले, तेवढे पुरे.

याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. हे अमलात आणण्याची जबाबदारी प्रियांकावर सोपवतो. वरील मजकूर मी दोनदा वाचला. खाडाखोड एका ठिकाणी आहे, तिथे आद्याक्षरे केली आहेत.

ठिकाण : नवनगर, हुबळी
दिनांक : १८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार, दुपारी साडेबारा

सही : सदाशिव बाबाजी मिरजकर

साक्षीदार पहिला : डॉ. दीपश्री वादिराज कट्टी, नवनगर. मृत्युपत्र करणाऱ्यांनी माझ्यासमोर सही केली. ते पूर्ण शुद्धीत आहेत.

साक्षीदार दुसरा : या जागेसाठी मी चौघांना विचारले. मसुदा तपासणारे वकील म्हणाले, “अण्णा, होगली बिडी, जाऊ द्या, माझी मुलं लहान आहेत.” शेजारचे गणपतराव सकाळी हो म्हणाले आणि दहा वाजता घराला कुलूप लावून गावाला गेले. बाकी दोघांनी फोन उचलला नाही. प्रियांकाने हे कोणाला सांगितले ठाऊक नाही, पण बारा वाजता शेवंताबाई स्वतः आल्या. आज भीमरावांचा सातवा दिवस आहे. घराबाहेर पडायचे नसते, असे मी म्हटले. त्या म्हणाल्या, “वाचून दाखवा आधी. सगळं.” मी सगळे वाचून दाखवले. पाचव्या कलमापाशी त्यांनी हात वर करून मला थांबवले, आणि मग पुढे वाचायला सांगितले.

सही : शेवंता भीमराव तळवार (कन्नडमध्ये)

नावाखाली पत्ता लिहायचा असतो. लिहू की नको, असे मी त्यांना विचारले.

“लिहा अण्णा,” त्या म्हणाल्या. “त्यांना ठाऊकच आहे.”